इतर अधिकार

सातबाऱ्याच्या उताऱ्यात एका बाजूला भोगवटादाराचं, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर त्याचं, नाव असतं आणि दुसऱ्या बाजूला एक रकाना असतो: कुळ, खंड व इतर अधिकार. हा रकाना म्हणजे सातबाऱ्याची पडवी. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, सामाईक विहिरीतला चार आणे हिस्सा, 'तुकडा' असा शेरा. जे घरात घेता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, ते सगळं इथे येऊन बसतं. वनहक्काचा पट्टा, म्हणजे जंगलातली जमीन कसण्याचा हक्क मान्य करणारा कागद, मिळालेल्या आदिवासी शेतकऱ्याचं नावही बहुतेक ठिकाणी याच पडवीत लागतं. भोगवटादाराच्या जागी 'वन विभाग' तसाच राहतो. पट्टा हातात पडला की गावात पेढे वाटले जातात, आणि पुढच्या खरिपात कुणीतरी बँकेतून हात हलवत परत येतं. असं का होतं, ते समजून घ्यायचं तर दाव्याची फाईल पहिल्या पानापासून उलगडायला हवी.

कायद्याचं नाव लांबलचक आहे: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. गावात त्याला 'वनहक्क' म्हणतात, पालघर-नाशिककडे 'प्लॉटचा कायदा'. फॉरेस्टच्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या तुकड्याला तिकडे प्लॉटच म्हणतात. रायगडात त्यातल्याच काही जमिनी 'दळी' म्हणून ओळखल्या जातात, इंग्रजी अमदानीपासून. म्हणजे ज्याला सरकारी कागद अतिक्रमण म्हणतो, त्याला गावात स्वतंत्र नाव होतं, आणि नाव असलेली गोष्ट उपटसुंभ नसते, एवढं तरी मान्य करायला हरकत नव्हती. केंद्रीय वन मंत्रालयाने मे २००२मध्ये जंगलातली सगळी अतिक्रमणं त्याच वर्षी सप्टेंबरअखेर हटवा असं राज्यांना कळवलं, तेव्हा देशभर जो आगडोंब उसळला त्यातून हा कायदा आला. १३ डिसेंबर २००५ ही त्याची रेषा. त्या दिवशी जमीन ताब्यात असली पाहिजे, आणि कमाल मर्यादा चार हेक्टर. ही चार हेक्टर वाचून शहरात अनेकांचे डोळे विस्फारतात. प्रत्यक्षात पट्टा एक-दोन एकराचा मिळाला तरी माणूस नशीबवान. गुंठ्यांत मोजावे लागतील असेही पट्टे भरपूर आहेत.

दावा ग्रामसभेकडे करायचा. नमुना अ वैयक्तिक हक्कासाठी, नमुना ब सामूहिक हक्कांसाठी, आणि गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्या-सांभाळण्याच्या हक्कासाठी नमुना क. ग्रामसभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते, ती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, फाईल प्रांत अधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाते. पुरावे किमान दोन हवेत. अनेक दावे इथेच अडखळतात, आणि त्याचं कारण पुरावा नसणं हे क्वचितच असतं. पुरावा म्हणजे काय हेच दावेदाराला कुणी सांगितलेलं नसतं. तो मतदार ओळखपत्र आणि रेशन कार्डाची झेरॉक्स जोडतो. त्यातून तो गावचा रहिवासी आहे एवढं सिद्ध होतं. जमीन तो कसतो हे होत नाही.

खरा पुरावा बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत तळाशी असतो आणि लाजेपोटी बाहेर काढला जात नाही: फॉरेस्टने केलेल्या दंडाची पावती. अतिक्रमण केलं म्हणून अमुक साली आजोबांना दंड झाला, याचा अर्थ त्या साली आजोबा तिथे नांगर धरून होते. ज्या खात्याने गुन्हा नोंदवला त्याच खात्याच्या शिक्क्याची साक्ष. याहून पक्का पुरावा कुणी मागूही नये. पावती हरवली असेल तर तलाठ्याकडे गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, असते. तिचा उतारा मागावा. कोर्टात केस झाली असेल तर तिचे कागद. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी नियमांनी दोन दारं उघडी ठेवली आहेत. एक, जमिनीवरच्या खुणा: दगडी बांध, खाचरं, विहीर, जुनं घर, पुरलेल्या पूर्वजांची जागा. दोन, गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब; हा वडीलधारा दावेदार स्वतः नसावा. जबाब लिहिताना 'हे फार वर्षांपासून कसतात' असं मोघम वाक्य टाकलं की तो जबाब मेला. 'बहात्तरच्या दुष्काळात याच्या बापाने इथली खुरासणी काढून धान्याशी बदलली होती, तेव्हा वरच्या अंगाला दोन मोह होते, त्यातला एक अजून आहे' असा जबाब असेल तर जागेवर जाऊन तो ताडून पाहता येतो. मोहाचं झाड उभं असतं.

बिगर आदिवासी वननिवासींचं त्याहून कठीण. त्यांना तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, दाखवावी लागतात. २००५ मधून पंचाहत्तर वजा केले की १९३० उरतं. १९३० साली भूमिहीन असलेल्या माणसाच्या नावाने कुणी कसला कागद केला असेल? कायदा तीन पिढ्यांचा रहिवास आणि जंगलावरचं अवलंबन मागतो, त्याच तुकड्यावरची पंचाहत्तर वर्षांची वहिवाट मागत नाही. फाईल तपासणाऱ्यांच्या टेबलावर मात्र हा फरक पुष्कळदा पुसला जातो.

आता मोजणी. वनहक्कात जमीन हरवते ती बहुतेक इथे.

डोंगरउतारावरची वरकस शेती दरवर्षी एकाच जागी नसते. पहिल्या वर्षी राब भाजून, म्हणजे फांद्या-पालापाचोळा जाळून, नागली (नाचणी) लावतात, दुसऱ्या वर्षी तिथेच वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद, आणि मग तो तुकडा दोन-चार वर्षं पडीक ठेवून बाजूच्यावर जातात. मोजणीला आलेला माणूस त्या साली हिरवं दिसतं तेवढ्याला फेरी मारतो. पड ठेवलेला भाग त्याच्या लेखी जंगल. शेतकरी बरोबर असतो, पण साहेबापुढे बोलत नाही, किंवा तो तेव्हा गावातच नसतो.

फेरी हातातल्या जीपीएसने मारतात. उघड्या माळावर या यंत्राची चूक तीन ते पाच मीटर असते, झाडाखाली किंवा दरीच्या कडेला अधिक. चार मीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण ५० मीटर बाय ८० मीटरचा तुकडा घ्या, ४,००० चौरस मीटर, म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. मोजणाऱ्याने बांधावरून न चालता बांधाच्या आतून, पिकाच्या कडेकडेने चाल धरली आणि चारी बाजूंनी चार-चार मीटर आत सरकलं, तर उरतं ४२ बाय ७२, म्हणजे ३,०२४ चौरस मीटर. तीस आर. एका फेरीत चौथा हिस्सा गेला. त्यात उतार. नकाशा वरून पाहतो, माणूस उतारावरून चालतो. तीस अंशांच्या उतारावर दोरीने शंभर मीटर भरलेली लांबी नकाशात ८७ मीटरच उतरते. हे गणित बरोबरच आहे, फसवणूक नाही. पण दोरीने एकर मोजलेल्या माणसाला कागदावर पस्तीस गुंठे दिसले की तो म्हणतो चोरी झाली, आणि खरी चोरी, ती बांधाच्या आतली चाल, या भांडणात झाकली जाते.

या दहा आरांची किंमत भाकरीत मोजावी. डोंगरउतारावर एकरी तीन-चार क्विंटल नागली पिकली तर बरं म्हणायचं. पाच माणसांच्या घराला रोज अडीच किलो धान्य लागतं असं धरलं, तर साडेतीन क्विंटल १४० दिवस पुरतात. चौथा हिस्सा गेला की १०५. पस्तीस दिवसांचा फरक. अर्थात मोजणीबाहेर राहिलेले दहा आर कुणी सोडून देत नाही. ते कसले जातातच, फक्त आता पुन्हा अतिक्रमण म्हणून. आणि पुढच्या गार्डच्या हातात पट्ट्याचाच नकाशा असतो, 'तुझं इथपर्यंतच' हे दाखवायला.

म्हणून मोजणीच्या दिवशी काय करावं, हे ठरलेलं असावं. आदल्या दिवशी चारी कोपऱ्यांवर आणि प्रत्येक वळणावर चुना मारलेले दगड ठेवावेत. लगतच्या चारही जणांना बोलवावं, त्यांच्या सह्या किंवा अंगठे चतुःसीमेच्या पंचनाम्यावर घ्यावेत. पड असलेला भागही फेरीत धरावा आणि पंचनाम्यात 'या वर्षी पड, गेल्या वेळी वरई' असं लिहावं. यंत्र सुरू केल्या केल्या चालायला लागू नये; उपग्रह नीट पकडले जाईपर्यंत थांबावं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर उभं राहून बिंदू घ्यावा. नकाशा तयार झाला की त्याची प्रत ग्रामसभेच्या दप्तरी ठेवावी. वन आणि महसूल खात्याच्या माणसांना लेखी सूचना द्यावी. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांनी पडताळणीला हजर राहून हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची आहे. आले नाहीत तर 'सूचना देऊनही गैरहजर' हे लिहून ठेवावं. पुढे कुणी 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणालं, तर उपयोगी पडतं ते हेच वाक्य.

उपग्रहाच्या चित्रावर मात्र माझा राग आहे. दावा नाकारताना '२००५च्या प्रतिमेत शेती दिसत नाही' हे कारण वारंवार दिलं गेलं. त्या काळच्या भारतीय रिसोर्ससॅट-१ उपग्रहावरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ५.८ मीटरचा. दहा गुंठ्यांचं शेत म्हणजे जेमतेम तीस ठिपके, आणि त्यातले कडेचे सगळे अर्धे शेत-अर्धे झाडी. नागली दिवाळीच्या आसपास निघते. हिवाळ्यातल्या चित्रात कापलेलं शेत आणि वाळलेलं गवत एकसारखंच पिवळं. शिवाय शेतकऱ्याने शेतात मोह, आंबा, राबासाठी ऐन राखलेला असतो. वरून पाहणाऱ्याला ते जंगल वाटतं. ज्याने झाडं राखली त्याचा दावा गेला, ज्याने उजाड केलं त्याचं शेत स्वच्छ दिसलं. जंगल वाचवायच्या नावाखाली याहून उलटा धडा देणं अवघड आहे. उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही, असं नियमांतच लिहिलं आहे.

यंत्रावाचून हे जमत नाही असंही नाही. रवांडाने २००९ ते २०१३ या काळात देशभरातल्या सुमारे एक कोटी तुकड्यांची नोंद केली. विमानातून घेतलेली छायाचित्रं कागदावर छापली, गावातल्याच तरुणांना थोडं शिकवलं, शेजाऱ्यांना बांधावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर पेनाने रेघ ओढली. सेंटिमीटरचा हट्ट धरला नाही. तिथेही पुढे घोडं अडलं. जमीन विकली-वाटली तरी फी भरून नोंद बदलायला गरीब माणूस जाईना, आणि नोंदवही हळूहळू शिळी होऊ लागली. पण पहिली रेघ शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडली, हे मोल मोठं आहे.

मोजणीची वेळ हाही एक घोळ आहे. सरकारी यंत्रणेला सवड हिवाळ्या-उन्हाळ्यात. कातकरी दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेले, ते पावसाच्या तोंडावर परतणार. उचल घेतलेली असते, मधे येता येत नाही. ग्रामसभेत दावे मंजूर करताना निम्म्या दावेदारांची हजेरी लागते, ती भरत नाही. ज्याला जमिनीची गरज सगळ्यात जास्त तोच ठरावाच्या दिवशी शंभर मैलांवर विटा थापत असतो. पाड्यावरच्या कार्यकर्त्यांनी हे ओळखून सभा आणि मोजणी जूनअखेर ते दिवाळी या काळात घ्यायचा आग्रह धरला, तिथे यादी लांबली. पावसात मोजणी करायला कुणी खूश नसतं, पण उभं पीक हाही पुरावा असतो.

दावा फेटाळला, तर कारण लेखी मिळालं पाहिजे आणि साठ दिवसांत वर अपील करता येतं. 'पुरावा अपूर्ण' एवढ्या दोन शब्दांत फेटाळलेल्या फाईलींचे ढीग होते, आणि अनेकांना फेटाळल्याचं पत्रसुद्धा मिळालेलं नव्हतं. मग १३ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, ज्यांचे दावे नाकारले त्यांना हटवा. पंधरा दिवसांत, २८ तारखेला, त्याला स्थगिती मिळाली आणि राज्यांना विचारलं गेलं की दावे नाकारताना पद्धत पाळली होती का. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांचं, ज्यांच्या फाटलेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, मुख्य गाऱ्हाणं हेच तर होतं.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा आहे. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवर बायकोचं नाव लावायला केवढी मनधरणी करावी लागते ते पाहता ही मोठीच गोष्ट. तिथेही बारीक खोच आहे: पट्ट्यावर दोघं, आणि सातबाऱ्यावर नोंद घेताना एकट्या नवऱ्याचं नाव. नोंद झाल्यावर उतारा काढून दोन्ही नावं वाचून पाहावीत, आणि त्याच वेळी आधारवरचं नाव, रेशन कार्डावरचं नाव व पट्ट्यावरचं नाव एकच आहे का तेही. 'काळू', 'काळूराम' आणि 'काळ्या' हे संगणकाला तीन इसम वाटतात.

आणि आता ती पडवी. पट्ट्यात जमिनीची ओळख कक्ष क्रमांकाने दिलेली असते, कारण वन खातं जंगल कक्षांत मोजतं; सातबारा मात्र गट नंबराने चालतो. एका कक्षात अनेक गट, एका गटात अनेक पट्टेदार. तलाठ्याने फेरफार घेऊन पट्टेदाराचं नाव इतर अधिकारात चढवलं तरी गट वन विभागाच्याच खात्यावर राहतो. शेतकऱ्याने आपलं पीक स्वतः नोंदवायच्या ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये पट्टेदाराला आपलं नाव सापडत नाही अशी ओरड म्हणूनच अनेक ठिकाणी झाली. पीक पाहणी नाही तर आधारभूत खरेदी केंद्रावर भात घेताना अडवणूक, आणि मग तेच भात व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने. पीक विम्याचंही तसंच.

बँकेचं उत्तर ठरलेलं: जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, तारण काय? कायद्याने पट्टा वारसांना मिळतो पण हस्तांतर होत नाही, हे खरं आहे, आणि ते तसंच राहावं असं माझं मत आहे. नाहीतर पहिल्या आजारपणात जमीन सावकाराकडे आणि दुसऱ्यात रिसॉर्टवाल्याकडे गेली असती. सह्याद्रीच्या पायथ्याला हे पाहायला लांब जावं लागत नाही. पण एकरभर नागली-भाताला लागणारं पीक कर्ज तारणाविना देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेलीच आहे. ही मर्यादा २०१९मध्ये १ लाख ६० हजार झाली आणि २०२५च्या जानेवारीपासून २ लाख. एवढ्या रकमेसाठी जमीन गहाण ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. हे परिपत्रक हातात घेऊन गेलेल्या बाईला मिळणारं उत्तर आणि नुसता पट्टा घेऊन गेलेल्याला मिळणारं उत्तर यांत फरक पडतो, असं कार्यकर्ते सांगतात. याशिवाय वनपट्टा सोडून दुसरी खाजगी मालमत्ता नसलेल्या आदिवासी कुटुंबाला रोजगार हमीत शंभराऐवजी दीडशे दिवसांची तरतूद २०१४मध्ये झाली. ते जादा पन्नास दिवस मागून घ्यावे लागायचे. आपोआप कुणाच्या वाट्याला येत नसत.

या दिवसांत स्वतःच्याच पट्ट्यावर बांधबंदिस्ती करता यायची, आणि इथे मालकीच्या खात्रीचा खरा परिणाम दिसतो. उद्या हाकलतील या भीतीत माणूस नागली लावतो, झाड लावत नाही. कलमी आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. दहा बाय दहा मीटरवर लावला तर एकरात चाळीस झाडं, प्रत्येकाला मीटरभर खोल खड्डा, पहिले तीन उन्हाळे हंड्याने पाणी. एवढे कष्ट कोण घेईल, पाच वर्षांनी आपण इथे असू याचा भरवसा असल्याशिवाय? मात्र चाळीस झाडांना उन्हाळ्यात पाणी घालायचं म्हणजे डोंगरावर पाणी हवं, आणि भट्टीवर स्थलांतर नको. पट्टा दिला, पाणी दिलं नाही, अशा ठिकाणी वाळक्या कलमांच्या रांगा दिसतात. त्याला शेतकऱ्याचा आळस म्हणणाऱ्याने एप्रिलमध्ये दोन हंडे घेऊन तो चढ एकदा चढावा.

ज्या घराला एकराचाही पट्टा मिळाला नाही, त्याच्यासाठी नमुना क अधिक मोलाचा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पण कापलेला बांबू वाहून न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, तो वन खात्याकडे, आणि खातं देईना. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. जंगल मिळूनही दोन वर्षं अडलं होतं ते एका पावती पुस्तकापाशी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने पुढे आणखी पेच सोडवला: तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. मे महिन्यात तेंदू हा हमखास रोख पैसा, तरी नको. कारण चांगली पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात, रानाला आगी लावतात, आणि त्यात बांबूचे कोंब जळतात. वर्षाचे पंधरा दिवस की वर्षभराचा बांबू, हा हिशोब गावाने स्वतः बसून केला. जमीन कुणाच्या नावावर आहे यापेक्षा हिशोब करायची मुभा कुणाला आहे, यावर बरंच काही ठरतं.

वैयक्तिक पट्ट्यात ती मुभा अजून अर्धवट आहे. पट्टेदार वारला की वारस नोंद करायची असते. मृत्यूचा दाखला, वारसांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, आणि तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज. मुलींची नावंही त्यात यायची असतात, आणि ती गाळली तर ग्रामसभेतच हरकत घ्यायची असते. नंतर फार उशीर होतो. घरात मातीच्या वाटण्या आपापसांत होतात, कागदावर सगळ्यांची नावं एकाखाली एक. तीस आर, तीन भावंडं, आई. चौघांची नावं उजवीकडच्या रकान्यात मावावीत म्हणून अक्षरं बारीक केलेली, आणि डावीकडे मोकळ्या जागेत ठळक अक्षरांत वन विभाग.